विरजणाला आणलेली ओळ

१

दुपारची जेवणं झाली की पाटोद्याचा बाजार झोपतो. मीही माझ्या दुकानाचं शटर अर्ध्यावर ओढतो, पंखा स्वतःकडे वळवतो आणि कविता लिहायला बसतो. म्हणजे बसतो हे नक्की. लिहितो असं दरवेळी म्हणता येत नाही.

माझं दुकान छपाईचं. लग्नपत्रिका, वास्तुशांतीची कार्डं, वाढदिवसाचे फ्लेक्स, दशक्रियेच्या सूचना. तालुक्यात माणसाचं जे काही होतं, ते आधी माझ्याकडे छापून होतं. पत्रिकेवरच्या चार ओळीही मीच जुळवतो. त्यामुळे गावात मला तानाजी म्हणून कमी आणि पत्रिकावाला म्हणून जास्त ओळखतात. तसं ओळखू नये, मेल्यावर तरी कुणी 'कवी गेला' म्हणावं, एवढी एकच इच्छा माझी बाकी आहे. दीपमाला, माझी बायको, म्हणते की मग आधी मरायची घाई करू नका, आधी कविता करा.

या वर्षी तालुक्याच्या साहित्य संमेलनात मला पहिल्यांदाच कविता वाचायला बोलावलं होतं. मंडळाचा सचिव बंकट स्वतः दुकानात आला, दशक्रियेच्या कार्डांच्या गठ्ठ्यावर बसला आणि म्हणाला, "हे बघ तान्या, मी तुझ्यासाठी लई भांडलोय. नवी कविता पायजे. पत्रिकेतलं काय वाचलंस तर पुन्यांदा तुझं नाव घेनार न्हाई बे."

त्या दिवसापासून मला पहिली ओळ सुचेनाशी झाली.

२

तालुक्यातलेच काय, जिल्ह्यातले आम्ही सगळे हौशी लोक एकाच माणसाला कवी मानायचो. पालीचे त्रिंबकमामा. माणूस अत्यंत कमी बोलायचा. संमेलनात पहिल्या रांगेत बसायचा आणि हातात अडकित्ता असायचा. कुणी वाईट ओळ वाचली की मामा सुपारी कातरायचे. कट्. बस, एवढंच. चांगली ओळ आली की अडकित्ता उघडाच राहायचा. त्या कट्च्या भीतीने एक मुख्याध्यापक व्यासपीठावरूनच घरी गेले होते, आणि त्यांचं सूत्रसंचालन होतं.

मामा गेल्या वर्षी गेले. त्यांच्या वर्षश्राद्धाचा फ्लेक्स पोचवायला मी पालीला गेलो होतो. सुभद्रामामींनी धपाटे वाढले, त्यावर दही. सुरीने कापावं असं दही. आमच्या घरी दही कधीच लागत नाही, पाणी होतं, म्हणून मी विरजण मागितलं. मामींनी एका पितळी डबीत चमचाभर दही घातलं. डबीवर मामांचं नाव घातलेलं होतं, ठिपक्याठिपक्यांनी.

मामांच्या खोलीचं दार नुसतं पुढे केलेलं होतं. मी तिकडे पाहतोय म्हटल्यावर मामी म्हणाल्या, "शेवटी शेवटी तितंच बसायचे. एकच वळ म्हनायचे दिसभर. 'दार नुसतं लोटलंय.' पुढलं काय सुचंना त्येन्ला. मंग सुपारी कातरायचे, पुन्यांदा म्हनायचे."

"मग पुढं?" मी विचारलं.

"पुढं काय, गेले."

डबी गाडीच्या डिकीत नीट उभी ठेवून मी निघालो. वाटभर ती ओळ माझ्या डोक्यात होती. दार नुसतं लोटलंय. बिचारी कुठेच गेली नव्हती. छापली नव्हती, कुणी ऐकली नव्हती, आणि धनी तर वारलेला. घरी आल्यावर दीपमालाने दूध विरजलं आणि सहज म्हणाली, "विरजन दुसऱ्याचं असलं तरी दही आपलंच असतंय." मला ते फार पटलं. इतकं पटलं की दुसऱ्या दिवशी दुपारी मी शटर अर्ध्यावर ओढलं आणि कोऱ्या कागदावर लिहिलं : दार नुसतं लोटलंय.

३

आणि काय सांगू, लागलीच पुढची ओळ आली. मग तिसरी. मी खूश झालो. उठून उभा राहिलो आणि संमेलनात वाचावं तसं खड्या आवाजात वाचलं.

दार नुसतं लोटलंय,
आत यायचं तर ये,
चंद्र माझ्या काळजाचा चांदण्यात न्हाला रे.

कट्.

आवाज आतल्या खोलीतून आला. दुकानामागे माझी कागदाची खोली आहे. तिथे रिमं, गोंदाचे डबे आणि हाताने फिरवायचं कागद कापण्याचं यंत्र असतं. मी आधी यंत्राला दोष दिला. पण त्याचं चाक माणसाने फिरवल्याशिवाय पातं खाली येत नाही. मग पालीला दोष दिला, गावाला नव्हे, भिंतीवरच्या पालीला. मग पत्र्याला दिला, उन्हाने तापतो म्हणून. माझं डोकं या बाबतीत शहाणं आहे. त्याला कारण लागतं, आणि नसलं तर ते बनवतं.

कारण बनवून झाल्यावर मी आत बघायला गेलो. त्या खोलीच्या दाराला मी कायम बाहेरून कडी लावतो, कारण मांजर आत शिरून रिमांवर पिल्लं घालते. कडी निघालेली होती. दार नुसतं पुढे केलेलं होतं.

आत कुणी नव्हतं. मी कडी लावली, हलवून पाहिली आणि परत येऊन बसलो. चंद्राची ओळ खोडली. तशीही ती मला पहिल्यापासून आवडली नव्हती.

४

मग रोजच सुरू झालं. मी एक ओळ लिहायचो, वाचायचो, थांबायचो. ओळ कच्ची असली की आतून कट्. मी बदलायचो. पुन्हा कट्. पुन्हा बदलायचो. आवाज आला नाही की पुढची ओळ. कडी मी रोज लावत होतो आणि ती रोज निघत होती. ती ढिली झाली असेल असं मी स्वतःला सांगत होतो. आवाजाला मात्र मी आता कारणं शोधत नव्हतो. खरं सांगायचं तर माझी सोय झाली होती. एवढा मोठा माणूस फुकट कविता तपासतोय म्हटल्यावर कोण कशाला तक्रार करील?

एकदा खात्री करून घ्यावी म्हणून मी मुद्दाम एका पत्रिकेतल्या ओळी वाचल्या.

फुलली बाग, आली बहार,
यायचं बरं का सहपरिवार!

आतून लागोपाठ एवढे आवाज आले की माणूस चिडून अख्खी सुपारी भुगा करतोय असं वाटलं. टेबलावर एका भावी सरपंचाच्या वाढदिवसाचा फ्लेक्स होता. त्यावरचा मजकूर वाचायचं धाडस मला झालं नाही.

त्याच दिवशी दीपमाला चहा घेऊन आली. मी कविता वाचत होतो. एका शब्दावर कट् झालं आणि तिने थर्मास खाली ठेवला.

"आत कोन बसलंय?"

"कुणी नाही गं."

"मंग सुपारी कोन कातरायलंय?"

म्हणजे तिलाही ऐकू येत होतं. तोवर एक सोय होती की आवाज मलाच येतोय, म्हणजे माझं डोकं बिघडलंय. बिघडलेल्या डोक्यावर निदान गोळ्या असतात.

दीपमाला कशाला भीत नाही. ती खराटा घेऊन आत गेली, खोली झाडली आणि सुपडीत कचरा घेऊन आली. कागदाच्या चिंध्यांमध्ये सुपारीची खांडं होती. आमच्या घरात सुपारी पूजेपुरती आणि तीही अख्खी.

"तुमी खायला लागलाव का?" तिने विचारलं.

"नाही."

मग तिने चहा तसाच ठेवला आणि घरी गेली.

५

संमेलन आठवड्यावर आलं तेव्हा कविता पुरी झाली. मी ती सुरुवातीपासून शेवटापर्यंत वाचली आणि एकदाही आवाज आला नाही. मामांचा अडकित्ता उघडा राहिला होता! मला आनंदाने रडू येईल असं वाटलं. मी पुन्हा वाचायला घेतली, या वेळी हळूहळू, चवीने.

दार नुसतं लोटलंय,
म्हशीच्या गुडघ्यावरचं शेण अजून ओलं आहे,
आणि धरणाचं पाणी उतरलं तशी
बुडालेल्या विहिरीची कड वर आली आहे.

इथे मी थांबलो. मी जन्मात म्हैस पाळलेली नाही. माझा बाप शिंपी होता. धरण मी पाहिलं आहे ते गाडीवरून जाता जाता, आणि त्यात कुणाची विहीर बुडाली हे मला कुणी सांगितलेलं नाही. बिंदुसरेचं धरण पालीजवळ आहे. विहीर पालीतल्या कुणाची तरी असणार. पुढच्या ओळीत एक बाई होती, चुलीपुढे डाव्या हाताने भाकरी थापणारी. सुभद्रामामी डावखुऱ्या आहेत.

मी सगळी कविता शोधली. तिच्यात मी कुठेच नव्हतो. माझं दुकान नव्हतं, दीपमाला नव्हती, शाई नव्हती. अक्षर तेवढं माझं होतं.

तेवढ्यात आत कुणीतरी श्वास घेतला. पुढची ओळ सांगण्याआधी माणूस घेतो तसा, भरून.

दाराकडे जाण्याचं कारण नव्हतं, तरी मी गेलो. मला फार भीती वाटत होती. दार नुसतं लोटलेलं होतं. मी बोटाने ढकललं. आतल्या प्लास्टिकच्या खुर्चीवर मी रिमं रचून ठेवली होती. ती उचलून खाली नीट भिंतीला लावलेली होती आणि खुर्ची दाराकडे तोंड करून होती. खुर्चीच्या पाठीवरून धोतराचा एक सोगा खाली घसरत होता. माझ्या डोळ्यांदेखत तो सावकाश सरकला आणि खुर्चीमागे गेला.

मी शटर तसंच अर्ध्यावर ठेवून घरी पळालो.

६

दीपमालाने सगळं ऐकून घेतलं. मला वाटलं ती रडेल, देवऋष्याकडे चला म्हणेल. तिने उठून फळीवरची पितळी डबी काढली आणि माझ्यापुढे आपटली.

"ही अजून आपल्यातच हाय. काऊन दिली न्हाई परत?"

"डबीचा काय संबंध?"

"दही मागून आनलं, आन वळ न मागता आनली. दोनीबी घरात धरून बसलाव. मंग मानूस मागं येनार न्हाई तर काय करील?" तिने डबी घासायला घेतली. "उद्या जा आन देऊन या. आन रिकामी नेऊ नका. भांडं रिकामं देत न्हाईत कुनाला."

"साखर घाल त्यात."

"दह्याची साखर मी घालते. वळीचं काय घालायचं ते तुमचं तुमी बघा."

अशी ही बाई आहे. मी दुपारभर ओट्यावर बसून राहिलो. मामांना काय द्यायचं? चंद्र तर त्यांनी आधीच परत पाठवला होता. मला येतं काय, मी पाहिलंय काय? मी पत्रिका पाहिल्या आहेत. या तालुक्यातल्या नवऱ्यांची नावं मला त्यांच्या बायकांच्या आधी कळतात. कुणाचे मामा कुणाशी बोलत नाहीत, कुणाचं नाव प्रेषकात घालायचं नाही, हे मला पाठ आहे. आणि पत्रिका घेऊन गेलेला माणूस परत येतो तो थेट बारशाचं कार्ड छापायला.

मग ओळ आली. आपली आपण आली, कुणी श्वास न घेता.

मी छापलेल्या लग्नांत मी जेवलेलो नाही.

मला तिची लाज वाटली. ती फारच साधी होती. पण दुसरी नव्हती.

दुसऱ्या दिवशी पालीला गेलो. मामींनी डबी उघडली, साखर पाहिली आणि हसल्या. मी म्हणालो, "मामी, मामांचं आणखी एक माझ्याकडं राहिलंय. खोलीपाशी जाऊ का?"

मामींनी कशाचं म्हणून विचारलं नाही. "जा की. दार उघडंच असतंय त्येंचं. म्या कडी लावून थकले."

मी दारासमोर उभा राहिलो. आत काळोख होता आणि सुपारीचा वास येत होता. कविता लिहिलेला कागद मी फटीतून आत सरकवला आणि म्हणालो, "मामा, ही तुमची. न विचारता नेली होती, चुकलं." मग घसा साफ केला. "आणि ही माझी. रिकाम्या हाताने कसं यायचं म्हणून." आणि ती ओळ म्हटली.

कट्ची वाट पाहत मी डोळे मिटून उभा राहिलो. आवाज आला नाही. कागद मात्र फटीतून दिसेनासा झाला होता. वाऱ्याने आत गेला असेल.

७

त्यानंतर दुकानातली कडी लावली की लागलेलीच राहू लागली. मी त्या ओळीवरून माझी माझी कविता लिहिली. तपासायला कुणी नव्हतं. खोटं कशाला बोलू, कधी कधी मी लिहिता लिहिता थांबून आतल्या खोलीकडे कान द्यायचो.

संमेलनात माझा नंबर जेवणाआधी होता, म्हणजे लोकांचं लक्ष वासावर. मी वाचलं, "मी छापलेल्या लग्नांत मी जेवलेलो नाही." मंडप हसला. पुढच्या ओळींना कमी हसला. शेवटी शेवटी अगदीच गप्प झाला आणि एका म्हाताऱ्याने उपरण्याने डोळे पुसले. पहिल्या रांगेत मामांची खुर्ची मंडळाने हार घालून रिकामी ठेवली होती. मी तिकडे बघितलं नाही.

खाली उतरल्यावर बंकट म्हणाला, "बरी हाय बे." बंकटच्या तोंडून हे आलं म्हणजे कविता चांगली असणार. मग एक पाहुणे आले, हात हातात घेऊन म्हणाले, "कवीसाहेब, पुढल्या म्हयन्यात पोरीचं लग्न हाय. जेवायला यायलाच पायजे." कवीसाहेब! मी दीपमालाकडे पाहिलं. ती पदराआड हसत होती. इतका सुखी मी माझ्या लग्नातही नव्हतो.

"पत्रिका कुठं छापताय?" मी विचारलं. सवय जात नाही.

८

पंधरवड्याने मामींचा फोन आला. "तानाजी, डबी घेऊन जा बाबा. तुमच्या डबीतली साखर खाल्ली, आता रिकामी कशी ठेवू? दही घालून ठेवलंय."

"मामी, डबी तुमचीच आहे."

"आसंल. पन साखर तर तुमची व्हती." मग जरा थांबून म्हणाल्या, "आन आजून एक हाय. त्येनी ती वळ सोडली. आता दुसरीच धरून बसलेत."

मी दुपारच्या उन्हात पालीला पोचलो. मामींनी ओसरीवर सतरंजी टाकली, चहा दिला. चहा झाल्यावर तबक पुढे केलं. त्यात सुपारी होती आणि मामांचा अडकित्ता. "मी सुपारी खात नाही," मी म्हणणार होतो, पण पाहुण्याने तबक परत सारणं बरं दिसत नाही. मी सुपारी अडकित्त्यात धरली आणि नुसताच बसलो.

समोर मामांच्या खोलीचं दार होतं. नुसतं लोटलेलं.

आतून आवाज आला. मी तो पहिल्या रांगेतून कधी ऐकला नव्हता, कारण मामा तिथे बोलतच नसत. पण ओळखला. खालच्या पट्टीतला, जपून जपून पाऊल टाकणारा आवाज.

"मी छापलेल्या लग्नांत मी जेवलेलो नाही."

माझी ओळ. मामी खाली मान घालून भुईमुगाच्या शेंगा फोडत होत्या. मग आतून एक दीर्घ श्वास, आणि पुढची ओळ आली.

"आहेर नाही, मान नाही, एक गोड घास नाही..."

छे! किती रडकी ओळ. एवढी चांगली सुरुवात दिली आणि पुढे हे? माझ्या कपाळाला आठी पडली, आणि मी काही ठरवायच्या आत माझी मूठ आवळली.

कट्.

आतला आवाज जागच्या जागी थांबला. मी हातातल्या अडकित्त्याकडे पाहिलं. सुपारीचे दोन तुकडे माझ्या मांडीवर पडले होते. मला माझ्या हाताची भीती वाटली. मामींनी शेंगा फोडणं थांबवलं नव्हतं, त्या फक्त हळूच म्हणाल्या, "आसंच करायचे तेबी."

आत कागदावर पेन घासल्याचा आवाज झाला. कुणीतरी ओळ खोडत होतं. मग घसा साफ केला गेला, आणि त्रिंबकमामांनी माझी ओळ पुन्हा पहिल्यापासून म्हणायला घेतली, या वेळी जरा भीत भीत.